तिला बदली करू नका

आमच्या शेडमधल्या खांबांशी माझं जुनं वैर आहे. बिडाचे, जाडजूड, रंगावर रंग चढत गेल्यामुळे आणखी फुगलेले खांब. रे रोडची ही शेड कुणीतरी फार पूर्वी कापसाच्या गाठी ठेवायला बांधली. गाठींना काय, दोन खांबांच्या मध्ये रचल्या की झालं. आम्ही मात्र तिथे ट्यूब बनवतो. मलमाची, केस रंगवायच्या क्रीमची, अॅल्युमिनियमची रिकामी ट्यूब. चकतीवर प्रेसचा दणका बसतो आणि चकतीची नळी होते. मग ती कापायची, तिला आटे पाडायचे, भट्टीतून नरम करून काढायची, रंग द्यायचा, वाळवायची, छापायची, बूच लावायचं. ही सगळी मशीनं एका ओळीत उभी राहिली तर ट्यूबला मध्ये कुठे हात लावायला नको. आमच्याकडे ती प्रेसवरून निघते, खांबाला वळसा घालते, छताशी जाते, खाली येते, पुन्हा खांब आडवा येतो, आणि शेवटी माणसं तिला ट्रेमध्ये भरून पलीकडे उचलून नेतात.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. लोकांना वाटतं इंजिनिअर म्हणजे मशीन दुरुस्त करणारी. मी मशीनला हात लावत नाही. मशीन कुठे उभं राहील, माणूस कुठे उभा राहील, त्याचा हात किती लांब जाईल, कोण कुणाची वाट बघत बसेल, हे मी ठरवते. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला एक स्टॉपवॉच आणि शेडचा नकाशा दिला. नकाशावर काळे ठिपके होते. "हे ठिपके सोडून बाकी सगळं हलवता येईल," असं ते म्हणाले होते. मला तेव्हा ते फार मोठं स्वातंत्र्य वाटलं. त्यानंतरची माझी सगळी अक्कल त्या ठिपक्यांमधून वाट काढण्यात खर्च झाली. भट्टी थोडी इकडे, प्रिंटिंग थोडं तिकडे, की दुसरीकडे घोडं अडलंच. नवीन मशीन आलं की आधी मी त्याची रुंदी बघते, मग काम.

आमच्या कामात दोऱ्याची एक युक्ती असते. नकाशावर टाचण्या टोचायच्या आणि कामगार दिवसभर जिथून जिथे जातो तसा दोरा फिरवायचा. माणूस किती फुकट चालतो ते दोऱ्यावरून कळतं. एका रविवारी चिडून मी मुंबईच्या नकाशावर स्वतःचा दोरा फिरवला. लालबाग ते रे रोड, रे रोड ते लालबाग. मध्येच बहिणीकडे अँटॉप हिलला, बाबांच्या कानाच्या डॉक्टरकडे परळला. दोरा काही पसरेना. एकाच ठिकाणी गुंडाळत गेला, जाड होत गेला, आणि शेवटी टाचणीच उपटून हातात आली. मी तो सगळा पसारा केराच्या डब्यात टाकला आणि बाबांचा चहा ठेवला.

घरी मी आणि बाबा. आई गेल्याला बरीच वर्षं झाली. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यातच मागच्या बाजूला आम्हाला खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या टॉवरचं पार्किंग दिसतं. मजल्यामागून मजले नुसत्या गाड्या उभ्या. चाळीत दार उघडं असायचं. इथे दार बंद, आणि बंद दाराच्या आत बाबांचा टीव्ही पूर्ण आवाजात. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आणलंय, पण ते शिटी मारतं म्हणून खणात ठेवलंय. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की अख्ख्या मजल्याला आमच्या घरचं कळतं. म्हणून मी एकदाच सांगते आणि कळलं असं समजून चालते.

माझ्या कामाबद्दल बाबा कधी काही विचारत नाहीत. त्याला कारण आहे. गिरणीत हातात घड्याळ घेऊन साच्यामागे उभा राहणारा माणूस आला, की समजायचं, आता एका माणसाला जास्त साचे बघावे लागणार. त्या माणसाला सगळं खातं शिव्या घालायचं. आणि त्यांच्याच पोरीने शिकून सवरून नेमकं तेच घड्याळ हातात घेतलं. मी पहिल्यांदा स्टॉपवॉच घरी आणलं तेव्हा त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, आणि "बरा आसा," म्हणून टेबलावर ठेवून दिलं. त्यापुढे तो विषय आमच्यात निघाला नाही.

गेल्या वर्षी मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मोठे साहेब म्हणजे आमच्या कारखान्याचे प्रमुख. दादरचे, मऊ आणि शुद्ध बोलणारे. कंपनी चाकणला नवा प्लांट टाकत होती. जमीन घेऊन झाली होती, शेडचा सांगाडा उभा राहत होता. "आतली मांडणी तुम्ही करायची," ते म्हणाले. "सगळी. पहिल्या मशीनपासून. तिथेच राहावं लागेल, अर्थात."

मी नकाशा बघितला. त्यावर एकही ठिपका नव्हता. लोखंडी कैचीवरचं छप्पर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळं मोकळं. इतकी वर्षं खांबांशी झटापट केल्यावर कुणीतरी मला रिकामी जमीन देत होतं. मी हो म्हटलं. विचार करून सांगते, घरी विचारते, असलं काही नाही. सरळ हो.

बहिणीला फोन केला. तिचा नवरा सरकारी नोकरीत, अँटॉप हिलच्या वसाहतीत त्यांचं घर. तळमजला, खाली बसायला बाक, बाबांच्या वयाची माणसं. "आण त्यांना," ती म्हणाली. "तू जा. तू किती दिवस अशी कुजत बसणार?" कुजत हा शब्द तिने वापरला, मी नाही. पण तो ऐकून मला रडू फुटलं.

बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. ते मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होते. मासे ते मला साफ करू देत नाहीत, मी वाया घालवते म्हणतात. नळ चालू होता, शेजारच्या घरात मिक्सर घरघरत होता. मी म्हटलं, "बाबा, माझी बदली झाली. चाकणला. नवीन प्लांट मी उभा करणार."

त्यांनी नळ बंद केला. "काय झाली?"

"बदली," मी ओरडले. दुसऱ्यांदा फक्त तेवढाच शब्द ओरडले, कारण चाकण वगैरे शेजाऱ्यांना सांगायची मला हौस नव्हती.

त्यांच्या हातातली सुरी थांबली. "सायबान सांगल्यान?"

"हो."

"आणि तू गप रवलंस?"

"गप कशाला? मी लगेच हो म्हटलं."

ते उठले, हात धुतले आणि बांगडे अर्धे साफ केलेले तसेच टाकून खिडकीपाशी जाऊन बसले. त्या दिवशी मासे मी साफ केले.

आता इथे सांगायला हवं. ऑफिसात बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवणं. गिरणीत बदली म्हणजे माणूस. कायम नसलेला कामगार. त्याने रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायमवाला आला नाही तर त्याच्या साच्यावर आज काम, सगळे आले तर परत घरी. त्यातही जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, मर्जीत असलेल्याला आधी आत घेणार. बाबांनी तरुणपणाची कितीतरी वर्षं अशी गेटवर काढली. बदलीवाल्याला मुलगी कोण देणार, म्हणून त्यांचं लग्नही लांबलं. शेवटी कायम झाले, आणि थोड्याच वर्षांत संप होऊन गिरणीच बंद पडली. म्हणजे त्यांच्या लेखी मी इतकं शिकून, इतकी वर्षं नोकरी करून, आता गेटवर उभी राहणार होते. मला हे तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला पोरगी सोडून जाणार याचं दुःख झालंय.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा जेवणावर बसायचे आणि अर्ध्यातून उठायचे. टीव्ही बंद. मध्येच काहीतरी विचारायचे.

"कार्ड दिल्यानी?"

बदलीवाल्यांना गिरणीत वेगळं कार्ड असायचं. मला वाटलं ते कंपनीच्या ओळखपत्राबद्दल विचारतायत. "मिळेल, तिथे गेल्यावर."

"रोज काम गावतला मा?"

"रोज काय, रविवारीसुद्धा काम असेल, बाबा. श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही."

मी उगाच धीर देतेय असं समजून ते ताटावरून उठले. मी माझ्याच खुशीत होते, पण ती खुशी दिवसेंदिवस कडवट होत चालली होती. मला राग येऊ लागला. एक शब्द न बोलता, ताटावरून उठून, खिडकीशी बसून हा माणूस मला बांधून घालतोय असं वाटायचं. सरळ म्हणा ना, जाऊ नको. मी भांडेन तरी. बोलतच नाही अशा माणसाशी काय भांडायचं? बहिणीला म्हटलं, तू तरी विषय काढ. ती म्हणाली, "तू सांगितलंयस ना? मग मी नाही काढत बाई. माझ्यासमोर रडायला लागले तर मला जमणार नाही." तीही बाजूला झाली.

मग मी एकदा चाकणला जाऊन आले. शेडचं छप्पर पूर्ण झालं होतं, खाली काँक्रीट ओतून सुकत होतं. मी एका टोकाला उभी राहिले आणि दुसऱ्या टोकापर्यंत नजर गेली, मध्ये कुठेही अडली नाही. मी खडूने प्रेसची जागा आखली, भट्टीची आखली, मग उगाच त्या दोन्हींच्या मधून सरळ चालत गेले. ठेकेदार माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, बाईंना उन्हाचा त्रास झाला. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला पूर्वी कधी वाटलं होतं ते आठवावं लागलं असतं.

मी तिकडे होते त्याच दिवशी बाबा इकडे रे रोडला गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कानात ते यंत्र घालून, टॅक्सी करून. लाकडाच्या वखारींच्या गल्लीत विचारत विचारत कारखाना शोधला. गेटवरच्या वॉचमनला माझं नाव सांगितलं, त्याने आत सोडलं. मी रात्री परतले तेव्हा बाबा झोपले होते, त्यामुळे हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांकडून कळलं.

"बसा," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मऊ. "काल वडील आले होते तुमचे."

"इथे? कशाला?"

"हात जोडून उभे राहिले हो. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, साहेब, माझ्या मुलीची काय चूक झाली असेल तर मला सांगा, पण तिला बदली करू नका. तिला कायम करा. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, काका, काळजी करू नका."

बाबा साहेबाशी बोलताना मालवणी सोडून पुस्तकी मराठी बोलतात, अडखळत. साहेबांनी त्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं. तिला बदली करू नका. तिची नाही, तिला. मी ते ऐकलं आणि म्हाताऱ्याचं व्याकरण म्हणून सोडून दिलं. साहेबांनीही सोडून दिलं असणार. ते दादरचे, मी पदवीधर. आम्हा दोघांना त्यातून एकच कळलं: मुलीला दूर पाठवू नका, कायम इथेच ठेवा.

"माझी आई ऐंशीच्या पुढे आहे," साहेब म्हणाले. "मला कळतं. तुम्ही आमच्यासमोर कधी काही बोलला नाहीत, पण घरी अशी परिस्थिती असेल तर मी जबरदस्ती करणार नाही. चाकणला जायला दुसरे तयार आहेत." त्यांनी माझ्या खालोखालच्या सहकाऱ्याचं नाव घेतलं. त्याची बायको पुण्याची, तो उड्या मारत जाणार होता. "तुम्ही म्हणाल तसं. त्याला मी अजून बोललो नाही. तुमचं काय ते आत्ताच सांगा, म्हणजे मला आज वर कळवता येईल."

मला काय काय म्हणता आलं असतं. बाबा अँटॉप हिलला राहणार आहेत, सगळं ठरलंय, म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नका. हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बाबा त्या केबिनमध्ये हात जोडून उभे होते. आयुष्यात त्यांना कुणापुढे हात जोडताना मी बघितलं नव्हतं. गिरणी गेली, देणी अडकली, मोर्च्याला गेले, पण हात नाही जोडले. माझ्यासाठी जोडले. त्या माणसाला घरात एकटं टाकून, किंवा बहिणीच्या बाकावर बसवून, मी रिकाम्या शेडमध्ये खडूच्या रेघा मारत फिरणार होते?

"राहते मी," मी म्हटलं.

साहेबांना बरं वाटलं. त्यांनी लगेच सहकाऱ्याला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. दुपारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुझं खडूचं मार्किंग तसंच ठेवतो हं, काही बदलत नाही." चांगला मुलगा आहे. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

उरलेला दिवस मी शेडमध्ये काढला. खांबाला टेकून उभी राहिले आणि भट्टीतून येणाऱ्या ट्यूबा बघत बसले. आता मी इथेच, निवृत्त होईपर्यंत किंवा शेड पडेपर्यंत, दोन्हींपैकी जे आधी होईल ते. घरी जाऊन बाबांना काय काय ऐकवायचं ते मी मनात तयार करत होते. माझ्या साहेबाकडे जायची काय गरज होती, मला सांगता आलं नसतं का, मी काय लहान आहे का. अगदी शब्द न शब्द.

घराचं दार उघडं होतं. चाळ सोडल्यापासून पहिल्यांदा उघडं. आत बाबांचे दोन जुने गिरणीवाले मित्र बसले होते, समोर पेढ्यांचा पुडा. बाबांच्या कानात ते शिटी मारणारं यंत्र. मला बघताच बाबा उठले.

"झालंस मा कायम? सायबान सांगल्यान तुका?"

मी काही बोलायच्या आत ते मित्रांकडे वळले. "मी सांगलंय सायबाक. म्हटलं, चेडवाक माझ्या बदली करू नको. मी काढलंय त्या गेटवर दिवस, तिका नको. देवमाणूस तो. तो माका म्हणालो, काका, काळजी करू नको, कायम ठेवतंय." मग मला, हळू आवाजात, "तू बोलाक नाय म्हणान गेलंय. तुका लाज वाटत होती, माका कळला. बदलीवाल्याक बोलूक होणा नाय. माझ्यासाठी तेव्हा कोण गेलो नाय बोलाक."

मित्रांपैकी एकजण म्हणाला, "आमच्या टायमाला तर जॉबरला दारू पाजावी लागायची." तिघं हसले.

मी खाली बसले. तिला बदली करू नका. कार्ड दिल्यानी. रोज काम गावतला मा. मला सगळं एका दमात कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. सहकारी तोवर बायकोला फोन करून मोकळा झाला होता. साहेबांनी वर कळवलं होतं.

मित्र गेल्यावर बाबांनी अर्धा पेढा मोडून स्वतः खाल्ला. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती. बांगड्याचं कालवण मागितलं. मी म्हटलं, उद्या करते. मग मला राहवेना. ओरडायची गरज नव्हती, यंत्र कानात होतं. मी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"बाबा, समजा कंपनीने मला चाकणला पाठवलं असतं तर? तिकडे नवा कारखाना होतोय. तिथे जाऊन राहायचं. मग?"

ते घाबरले वगैरे अजिबात नाहीत.

"मग काय? जावचा. मी रवतलंय तुझ्या भयणीकडे, तिचो तळमजलो बरो आसा." आणि हसून म्हणाले, "कायम माणसाक कसला भेव? तो खंय पण जाता."

उरलेला अर्धा पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि टीव्ही लावला. मी त्यांना काही सांगितलं नाही. रागवावं असं त्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि मला त्यांचा इतका राग आला होता की पेढा तोंडात घालून मी कितीतरी वेळ तो तसाच धरून बसले.